बॅगेतले पाच हात

शिरीष कासार बॅग भरायला बसले की घरातल्या बाकीच्यांनी बाजूला व्हायचं, असा साताऱ्यातल्या त्या घराचा शिरस्ता होता. तीस वर्षं औषधांचं दुकान चालवलेला माणूस. काचेच्या बाटल्यांची खोकी बांधण्यात हयात गेलेली. त्यामुळे हेमांगीबाई लेकीच्या बाळंतपणाला जर्मनीला निघाल्या, तेव्हा तेवीस किलोची बॅग बावीस किलो नऊशे ग्रॅमवर आणून दाखवायचं काम आपसूक त्यांच्या गळ्यात पडलं. खरं सांगायचं तर ते त्यांनी दुसऱ्या कोणाला करूही दिलं नसतं.

बॅग मिनूचीच होती. मिनू म्हणजे मृण्मयी, त्यांची एकुलती एक लेक. लग्न झाल्यापासून लाइपझिगला असते. दिवाळीत आली तेव्हा दोन बॅगा घेऊन आली होती. परत जाताना निळी बॅग ठासून भरली, वजन जास्त भरलं म्हणून ऐन वेळी सगळी उपसली आणि "आई, तू येशील तेव्हा हिच्यातूनच सामान आण" असं सांगून इथेच ठेवून गेली. सात महिने ती माळ्यावर पडून होती.

आता तिच्यात अळीव होते, बाळंतशेपा होत्या, हेमांगीबाईंनी जुन्या मऊ साड्यांची शिवलेली आठ दुपटी होती. नणंदेने, म्हणजे विजूवन्संनी, डिंकाच्या लाडवांचा डबा स्वतःच्या हाताने आत बसवून दिला होता. शेजारच्या लोहोकरे वहिनींचा मुलगाही लाइपझिगलाच, त्यामुळे "एवढुसंच आहे हो" म्हणत त्यांनी आणलेलं मेतकूट-पापडांचं पुडकं दोन किलो भरलं होतं. परदेशी निघालेल्या माणसाने शेजाऱ्यांचं पुडकं नाकारायचं नसतं, हे सांगायला कोणी लागत नाही.

ऑनलाइन चेक-इनही शिरीषरावांनीच केलं.

"हा एक प्रश्न नवीनच दिसतोय," ते चष्मा कपाळावर सरकवत म्हणाले. "बॅग भरताना कोणाकोणाचे हात लागले, त्या सगळ्यांची नावं भरा म्हणे."

"मग भरा की."

"छे! लोहोकरे वहिनींचं नाव घातलं की नातं विचारणार, फोन नंबर विचारणार. 'बॅग प्रवाशाने स्वतः भरली' असं आहे, त्यावर टिचकी मारतो. सगळे तेच करतात."

सगळे तेच करत होते, हे मात्र खरं.

पुण्याच्या नव्या विमानतळावर बॅगा द्यायच्या रांगेत हेमांगीबाई साडेबाराला उभ्या राहिल्या. विमान दोन चाळीसचं. बॅगा एक चाळीसपर्यंत घेणार. काउंटरच्या जागी आता कपाटाएवढी पांढरी यंत्रं होती. तोंडातून बॅग आत ढकलायची, ती आत काही वेळ घुमते, आणि सगळं ठीक असेल तर पट्ट्यावरून पुढे जाते. नसेल तर आली तशी बाहेर. यंत्राचं सरकारी नाव हातभर लांब होतं. लोक त्याला 'हुंग्या' म्हणत.

हुंग्या काय करतो, हे वर्तमानपत्रांनी चार महिन्यांपूर्वी चित्रं काढून समजावलं होतं. माणसाच्या तळहाताला तेलाचा एक सूक्ष्म थर असतो आणि त्या तेलावर जगणारे जिवाणू असतात. दोन्ही मिळून शेकडो पदार्थ हवेत सोडतात, आणि त्यांचं प्रमाण प्रत्येक माणसाचं वेगळं असतं. कुत्र्यांना हे फार पूर्वीपासून ठाऊक आहे. हुंग्या बॅगेच्या चेनमधून आतली हवा ओढून घेतो, ते पदार्थ एकमेकांपासून वेगळे करतो आणि आत किती माणसांचे हात फिरले ते सांगतो. बॅगेचा बाहेरचा भाग तो वाचतच नाही, कारण तिथे टॅक्सीवाल्यापासून हमालापर्यंत सगळ्यांचे हात लागतात. कोणीतरी गुपचूप बॅगेत काही सरकवलं तर पकडावं, एवढाच मूळ उद्देश. पासपोर्ट नवा करताना आणि पेन्शनच्या हयातीच्या दाखल्याला सरकार तळहाताचा वास नोंदवून घेऊ लागलं होतं, त्यामुळे बहुतेक हात कोणाचे हे यंत्राला कळे.

पुढचं कोणी ठरवून केलं नव्हतं. यंत्राच्या चाचण्या चालू असतानाच, लाखो हात हुंगता हुंगता, शास्त्रज्ञांच्या लक्षात आलं, की काही आजारांत त्वचेचं तेल बदलतं, आणि तेही आजार अंगावर दिसायच्या कितीतरी आधी. मेंदूचे काही विकार, काही कर्करोग. माणूस धडधाकट हिंडत असतो आणि त्याने घडी घातलेल्या सदऱ्याला मात्र खबर असते. हे कळूनही गप्प बसायचं का, यावर संसदेत दोन दिवस भांडण झालं आणि कायदा झाला: ज्याचा हात, त्यालाच सूचना. नवऱ्याची बायकोला नाही, आईची मुलाला नाही. सूचनेत आजाराचं नावही नाही. फक्त अमुक केंद्रावर जाऊन तपासून घ्या. शंभरातल्या आठ सूचना खोट्या ठरतात, असंही खाली बारीक अक्षरांत असे. फोनवर ती पिवळ्या लिफाफ्याच्या चित्रासह येई, म्हणून तिचं नाव पडलं 'पिवळं पाकीट'.

हेमांगीबाईंच्या शाळेतल्या भोसेकर बाईंच्या यजमानांना असं पाकीट आलं होतं. दोन महिने त्यांनी कोणाला सांगितलं नाही. सांगितलं तेव्हा सांगण्यासारखं फारसं उरलं नव्हतं.

हेमांगीबाईंनी बॅग आत ढकलली. यंत्र घुमलं आणि बॅग बाहेर आली. पडद्यावर लाल अक्षरं होती.

नोंदलेले हात: १. सापडलेले हात: ५.

आणि त्याखाली, कोपऱ्यात, पिवळं पाकीट. 'खासगी सूचना पाठवली: १.'

बाजूला उभ्या असलेल्या कर्मचारी बाई पुढे आल्या. पंचेचाळिशीच्या, छातीवरच्या पट्टीवर नाव नसीम बागवान.

"घाबरू नका ताई, रोजचंच आहे हे. नावं भरली नाहीत ना? इथे भरा आणि परत ठेवा, बॅग जाईल."

"आणि ते खालचं?"

नसीमबाईंनी पडद्याकडे पाहिलं आणि त्यांचा आवाज उतरला. "ते बॅगेबद्दल नाहीये."

"मग कोणाबद्दल आहे?"

"त्या पाचांतल्या एकाला फोनवर कळवलंय. कोणाला ते मलाही दिसत नाही, ताई. खरंच नाही दिसत."

हेमांगीबाईंनी पर्समधून फोन काढला.  त्यावर काही नव्हतं. त्यांना आधी हायसं वाटलं आणि लगेच त्या हायसं वाटण्याची लाज वाटली. आपण नाही, म्हणजे उरलेल्यांतलं कोणीतरी.

त्यांनी वळून पाहिलं. आत यायला फक्त प्रवाशांना परवानगी, त्यामुळे शिरीषराव बाहेर भल्यामोठ्या काचेपलीकडे उभे होते. नेमकं त्याच वेळी त्यांनी खिशातून फोन काढला, डोळ्यांजवळ नेऊन वाचला आणि परत खिशात टाकला. मग बायको आपल्याकडे बघते आहे हे पाहून त्यांनी हसून हात हलवला.

 छत्तीस वर्षांच्या संसारात तो हसरा चेहरा हेमांगीबाईंना पाठ होता. असा चेहरा त्या माणसाने एकदा केला होता.

सहा वर्षांपूर्वी मिनू पहिल्यांदा जर्मनीला निघाली, त्या दिवशी पहाटे शिरीषरावांच्या आई गेल्या. दोन गल्ल्या पलीकडे, थोरल्या दिरांच्या घरी. प्रवासाला निघालेल्या माणसाच्या कानावर वाईट घालू नये, ही कासारांच्या घराची रीत. "आजीला भेटून येते" म्हणणाऱ्या मिनूला शिरीषरावांनी सांगितलं, "अगं, आत्ताच डोळा लागलाय तिचा, नको उठवूस." आणि हेच हसू चेहऱ्यावर ठेवून तिला गाडीत बसवलं. तिकडे पोचल्यावर तिला कळलं, तेव्हा ती फोनवर रडली नाही. एवढंच म्हणाली, "तुम्ही मला परकी केलंत." दोन महिने तिने फोन उचलला नाही. शेवटी तिघांनी एकमेकांना वचन दिलं, की यापुढे काहीही असलं तरी लपवायचं नाही. कोणी कितीही दूर असो, कितीही वाईट असो.

आणि आज हा माणूस काचेपलीकडून हात हलवतोय.

विमानात बसायचं की नाही, हा प्रश्न त्याच क्षणी त्यांच्यासमोर उभा राहिला. यांना काही झालं असेल तर यांना एकटं टाकून तीन महिने कसं जायचं? आणि न जावं, तर मिनूला नववा संपत आलाय. जावई तेजस दिवसभर कामावर. तिच्या हाताशी दुसरं कोणी नाही. पण खात्री कशी करायची? विचारलं तर हा माणूस हसणार.

मास्तरीण बाई त्या. हाताला लागेल ते गणित सोडवून बघायची सवय. पाच हात आहेत ना, मग एकेक वजा करत जाऊ.

जवळच बॅगा उघडायचं लांब टेबल होतं. जास्तीचं वजन इकडून तिकडे करणारे लोक तिथे घामाघूम होऊन उभे असत. हेमांगीबाईंनी तिथे बॅग उघडली, लोहोकरे वहिनींचं पुडकं काढलं आणि बॅग पुन्हा यंत्रात ढकलली.

सापडलेले हात: ४. खाली पिवळं पाकीट. पाठवली: १.

म्हणजे लोहोकरे वहिनी नव्हेत. सुटल्या बिचाऱ्या. त्यांनी लाडवांचा डबा काढला. डबा काढताना मनात असा विचार आला, की विजूवन्संचं असूदे. लगेच त्यांनी जीभ चावली, पण विचार येऊन गेलाच होता. सख्ख्या नणंदेवर आजार ढकलायला निघालो आपण! यंत्र घुमलं.

सापडलेले हात: ३. पिवळं पाकीट. पाठवली: १.

विजूवन्संही सुटल्या. आता हेमांगीबाईंपुढे शिरीषरावच उरले. शिरीषरावांनी बांधलेली सगळी पुडकी त्यांनी भराभर उपसली. प्रत्येकाला सुतळीची तीच गाठ, दुकानातली, एका बोटाने सुटणारी. अळीव, शेपा, सुंठ, बदाम. सगळं टेबलावर आलं. बॅगेत फक्त स्वतःच्या साड्या आणि दुपटी ठेवून त्यांनी ती आत ढकलली.

तीन हात. पुडकी निघाली तरी शिरीषरावांचा हात बॅगेत होताच. पिवळं पाकीट.

"ताई," नसीमबाई जवळ येऊन हळूच म्हणाल्या, "नावं भरून टाका ना. एक वाजून गेला. पाकिटाचं काय ते ज्याचं तो बघेल."

"ज्याचं तो बघत नाही हो आमच्याकडे. लपवतो."

त्या तरातरा काचेपाशी गेल्या आणि फोन लावला. काचेपलीकडे शिरीषरावांनी तो उचलला. दोघांमध्ये हातभर अंतर होतं आणि आवाज मात्र फोनमधून येत होता.

"अहो, मघाशी काय वाचलंत?"

"कधी?"

"सोंग करू नका. मी बघितलं तेव्हा. वाचलंत, खिशात टाकलंत आणि हसलात."

"अगं, लोहोकरे वहिनींचा मेसेज होता. पापड वरच्या बाजूला ठेवलेत ना, चुरा नको व्हायला, म्हणून."

"मिनूची शपथ घ्या."

 शिरीषरावांनी फोन कानापासून काढला, तो मेसेज उघडला आणि काचेला लावून धरला. पापड, वरची बाजू, चुरा. खाली हात जोडल्याचं चित्र. त्याच्या वर-खाली काही नाही.

"मिनूची शपथ," ते फोन परत कानाला लावून म्हणाले. "मला काही आलेलं नाही. आता तू खरं सांग, हेमा. अर्धा तास बघतोय, बॅग उघडतेस काय, मिटतेस काय. शेवटी त्या दारावरच्या शिपायाला विचारलं, तर तो म्हणाला पाकीट निघालं असेल. तुलाच आलंय ना?"

"नाही हो."

"लपवू नकोस. मी आहे. आपण जाऊ डॉक्टरकडे. विमान गेलं तर गेलं."

"देवाशपथ नाही आलं मला."

दोघांनाही एकदम इतकं हलकं वाटलं, की काचेच्या दोन बाजूंना ती दोन म्हातारी माणसं चक्क हसली. शिरीषरावांचे डोळे भरून आले होते. ते त्यांनी बाहीने पुसले.

"मग तिसरा हात कोणाचा?" हेमांगीबाईंनी विचारलं. "वहिनींचा गेला, वन्संचा गेला. तुमचा, माझा. तिसरा कोणाचा?"

"टॅक्सीवाल्याने उचलली होती की."

"बाहेरचं नाही वाचत ते. फक्त आतलं."

शिरीषराव विचार करू लागले. औषधांच्या खोक्यांचा हिशेब करताना करत तसा, डोळे बारीक करून. "आतलं म्हणजे सामानावर नसेल, तर मग अस्तरावर असेल. अस्तराला हात त्याचाच लागतो, जो बॅग भरतो. आता आपण भरायच्या आधी ती भरली होती..."

 दोघांपैकी कोणी नाव घेतलं नाही. हेमांगीबाईंनी फोन खाली घेतला आणि त्या यंत्राकडे चालू लागल्या.  शिरीषराव पाठीमागून काहीतरी बोलत होते. फोन हातात होता, पण तो कानाला लावायचं त्यांना सुचलं नाही.

आता भीती वाटत होती. मघाचा राग नव्हता, संशय नव्हता, नुसती भीती होती. लहानपणी विहिरीत डोकावताना वाटायची तशी. नवऱ्याला काही झालं असतं तर काय करायचं ते ठाऊक होतं: राहायचं, दवाखाना करायचा, पथ्य सांभाळायचं. हे जे समोर येत होतं त्याच्यासाठी त्यांच्याकडे काही तयार नव्हतं.

त्यांनी साड्या काढल्या. दुपटी काढली. कप्पे चाचपून पाहिले. एका कप्प्यात केसांना लावायचा एक जांभळा चिमटा निघाला. मिनूचा. तोही टेबलावर ठेवला. मग रिकामी, हलकी बॅग त्यांनी यंत्राच्या तोंडात सरकवली.

यंत्र नेहमीपेक्षा लवकर थांबलं.

सापडलेले हात: ३. खाली पिवळं पाकीट. पाठवली: १.

"बागवानताई," त्या म्हणाल्या.  "हे हात कधीचे आहेत, ते कळतं का हो?"

नसीमबाईंनी घड्याळ पाहिलं, मग हेमांगीबाईंचं तोंड पाहिलं, आणि पडद्याच्या कोपऱ्यावर बोट दाबून धरलं. तीन ओळी उमटल्या. हात पहिला: आज. हात दुसरा: एक दिवस. हात तिसरा: सुमारे सात महिने.

"तेलाचा मेणचट भाग अस्तरात राहतो म्हणे," नसीमबाई उगाचच म्हणाल्या. "उडून जात नाही लवकर."

दिवाळी. मिनू जमिनीवर मांडी घालून बॅग भरत होती. नुकतेच दोन महिने झाले होते तिला. मध्येच उठून मळमळतंय म्हणत मोरीत जायची, परत येऊन हसत हसत कपडे कोंबायची. त्याच आठवड्यात पुण्याला जाऊन तिने पासपोर्ट नवा केला होता. तळहात यंत्रावर ठेवून आल्यावर म्हणाली होती, "आई, आता सरकारला माझ्या हाताचा वासपण माहिती आहे." तेव्हा हुंग्या विमानतळावर आला नव्हता, म्हणून ती बिनधास्त परत गेली. तेव्हाही तिच्या हाताला ते होतं.

एक वाजून सव्वीस मिनिटं. तिकडे दहाला चार मिनिटं कमी. हेमांगीबाईंनी फोन लावला. एक रिंग पुरी व्हायच्या आत तो उचलला गेला.

"बोल गं आई! झालं का चेक-इन? टाकलीस बॅग?"

आवाज छान होता. खणखणीत, आनंदी, जरा जास्तच वरच्या पट्टीतला. हेमांगीबाईंनी डोळे मिटले. बापाचं हसू लेकीने आवाजात घेतलं होतं.

"टाकते आहे. तू कशी आहेस?"

"मस्त! आत्ताच खाल्लं. बाळ लाथा मारतंय. तू ये फक्त. बाबा काय म्हणतायत?"

"बाहेर उभे आहेत. मिनू..."

"तेजस उद्या तुला घ्यायला येणार आहे, बरं का. आणि आई, स्वेटर वरच ठेव, विमानात गार असतं, आणि..."

"मिनू, बॅगेत तुझा हात होता."

 फोन तुटला की काय म्हणून हेमांगीबाईंनी पडद्याकडे पाहिलं. तुटला नव्हता.

"निळी बॅग," त्या म्हणाल्या. "दिवाळीत तू भरलेली. तिच्यात तुझा हात होता. मला कळलंय गं राजा."

मग मिनू रडायला लागली. लहानपणी पडली की रडायची तशी, श्वास न घेता. हेमांगीबाई यंत्राला टेकून उभ्या राहिल्या.

"मी तुला सांगणार होते," मिनू म्हणाली. "इथे उतरल्यावर सांगणार होते. तू प्रवासाला निघालीस आणि मी कसं सांगू? आई, मला खूप भीती वाटतेय."

"अगं, शंभरात आठ खोटी असतात. तिथेच लिहिलंय खाली."

"एक खोटं असेल! सगळी कशी खोटी असतील?"

"सगळी म्हणजे?"

"पाच आली आहेत गं, आई." मिनूचा आवाज फाटत होता. "पहिलं आलं तेव्हा मी म्हटलं, असेल चूक. मग दहा मिनिटांनी दुसरं आलं. मग तिसरं. आत्ता पाचवं आलं. नाव कशालाच नाही. पाच आजार आहेत मला, आई. तेजसला फोन लागत नाहीये. मी नुसती बसलेय फोन हातात धरून, आता सहावं येईल म्हणून."

हेमांगीबाईंनी टेबलाकडे पाहिलं. लोहोकरे वहिनींचं पुडकं. लाडवांचा डबा. सुतळीची पुडकी. दुपटी. त्यांनी एकेक वस्तू कशी नीट काढून ठेवली होती. काढायची, ढकलायची, पडद्याकडे बघायचं. पाठवली: १. दर वेळी १. त्यांना वाटलं होतं, ते पहिलंच आहे.

बॅगेतून वजा करत होत्या त्या. आणि तिकडे बेरीज होत होती.

"मिनू, ऐक. रडू नकोस, आधी ऐक." त्या बोलत होत्या, पण आवाज दुसऱ्या कोणाचा तरी येत होता. "पाच नाहीत. एकच आहे. एकदाच आलंय ते."

"पाच आहेत! मी मोजलीयेत."

"एकच आहे, बाळा. बाकीची चार मी पाठवली."

त्यांनी सगळं सांगितलं. पुडकं, डबा, बाबांवरचा संशय, रिकामी बॅग. सांगताना काही गाळलं नाही, स्वतःला सोडलं नाही. पलीकडे मिनूचा श्वास हळूहळू लांब होत गेला.

"एकच?" तिने विचारलं.

"एकच."

"नक्की ना? मला बरं वाटावं म्हणून नाही ना सांगत?"

हा प्रश्न हेमांगीबाईंना कुठे लागायचा तिथे लागला. सहा वर्षांपूर्वीचं सगळं त्यात होतं.

"आजीची शपथ," त्या म्हणाल्या. "आता त्यातलं काही करणार नाही मी. एक आहे, आणि ते खोटंच निघेल असंही सांगत नाही. मी येतेय. आपण दोघी जाऊ तपासायला."

"लवकर ये गं आई."

फोन ठेवला तेव्हा एक सदतीस झाले होते. नसीमबाईंनी हातमोजे चढवून टेबलावरचं सामान घाईघाईने बॅगेत परत भरायला घेतलं होतं. "ताई, तीन मिनिटं आहेत. पाचही नावं पटापट सांगा, मी भरते, आणि बॅग ठेवा."

यंत्राचं तोंड उघडं होतं. आत हिरवा दिवा लागला होता. पडद्यावर लिहिलं होतं: 'बॅग ठेवा.'

"ठेवली की परत हुंगणार ना ते?"

"हुंगल्याशिवाय कसं घेईल?"

"आणि परत एक पाकीट जाणार?"

नसीमबाईंच्या हातातलं सुंठीचं पुडकं तसंच राहिलं. त्यांना हे माहीत नव्हतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसलं. चार महिने रोज शेकडो बॅगा त्यांनी 'परत ठेवा, परत ठेवा' म्हणत आत ढकलायला लावल्या होत्या.

"हाताने घेता येत नाही का?"

"नाही हो ताई. हाताने घ्यायची सोयच नाही ठेवलेली."

काचेपलीकडे शिरीषराव तळहात टेकवून उभे होते, तोंडाने काहीतरी विचारत होते. यांना आत जाता जाताच फोन करायचा, आणि सगळं सांगायचं. एक शब्दही न गाळता, हेमांगीबाईंनी ठरवलं. हा माणूस आता रात्रंदिवस एकटा बसून काळजी करणार. करू दे. निदान कशाची करतोय ते त्याला ठाऊक असेल.

त्यांनी बॅगेतून आठही दुपटी काढली आणि खांद्यावरच्या पिशवीत दाबून भरली. वर अळिवाचं पुडकं बसलं. जांभळा चिमटा पर्समध्ये टाकला. लाडू बसेनात. ते राहिले.

"बागवानताई, एवढी बॅग बाहेर आमच्या ह्यांच्याकडे पोचवाल का?"

"अहो, पण तीन महिन्यांचं सामान तुमचं! बाळंतिणीचं खाणं!"

"राहू दे," हेमांगीबाई म्हणाल्या. "ती फोन हातात धरून बसलीय. सहावं नको जायला."